सेडीबद्दल, मन्याला

मन्या,

परवा फोनवर तू म्हणालास की रेड डेड रिडेम्प्शन २ मधली सेडी ॲडलर म्हणजे उगाच बाई हवी म्हणून टाकलेलं कॅरेक्टर, आणि मी काही बोलले नाही कारण भाजी करपत होती, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. तू गेम कुठे सोडलास? सुरुवातीच्या बर्फातच ना? मग तुला सेडी दिसलीच नाहीये बाबा.

दिसली ती काय, तर ब्लँकेट गुंडाळून बसलेली. ओड्रिस्कॉलच्या, म्हणजे शत्रू टोळीच्या, लोकांनी नवऱ्याला मारलं, घर जळून गेलं, आणि आपल्या, म्हणजे डचच्या, गँगने तिला सोबत आणलं कारण त्या बर्फात टाकून कुठे जाणार. पुढच्या कॅम्पमध्ये ती एका बाजूला रडत बसायची. मी तर रोज हरीण खांद्यावर टाकून तिच्या समोरून जायचे, पियरसनकडे मटण टाकायचं आणि पुढच्या मिशनला. एकदाही थांबले नाही. गेमने सांगितलं नाही, मीपण थांबले नाही.

आणि मग एक दिवस आचाऱ्याशी, म्हणजे त्याच पियरसनशी, तिचं जोरदार वाजतं. हातात सुरी, समोर चिरायच्या भाज्या, आणि ती म्हणते मी नाही चिरत बसणार, आम्ही नवराबायको शेतावर सगळं काम वाटून करायचो, मला बंदूक धरता येते. आर्थर, म्हणजे आपण ज्याला खेळवतो तो, वैतागून तिला गाडीत घालून ऱ्होड्स गावाला घेऊन जातो. वाटेत ती काय करते माहितीये, पियरसनने पोस्टात टाकायला दिलेलं त्याच्या आँटला लिहिलेलं पत्र फोडून मोठ्याने वाचते! आर्थर म्हणतो दुसऱ्याचं पत्र वाचू नये, तर ही म्हणते वा, दरोडे चालतात, खून चालतात, पत्र वाचलेलं चालत नाही? मी एवढी हसले की कंट्रोलर खाली पडला. दुकानातून बाहेर येते ती पँट घालून. परतीच्या वाटेवर रेडर्स नावाचे लुटारू अडवतात तेव्हा मला कळलं की ही आता आर्थरच्या मागे लपणारी नाही.

गेम १८९९ सालात घडतो ना, तर त्याच वर्षी ३० मे ला ॲरिझोनामध्ये ग्लोबजवळ पर्ल हार्ट नावाच्या खऱ्या बाईने केस कापून, पुरुषी कपडे घालून घोडागाडी लुटली होती, आणि प्रवाशांकडून सगळं काढून घेतल्यावर प्रत्येकाला एकेक डॉलर परत दिला. पकडली गेली, पाच वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे पँट घातलेली लुटारू बाई ही काही कुणाच्या डोक्यातली फॅशन नाही हे सांगायचं होतं, बाकी काही नाही.

पण मला सेडी आवडते ती गोळ्या झाडते म्हणून नाही रे. आर्थर ग्वार्मा बेटावर अडकतो तेव्हा मागे उरलेल्यांना तीच सांभाळते, आणि हे आपल्याला दिसतही नाही, परत आल्यावर कळतं. आणि हँगिंग डॉगला, म्हणजे ओड्रिस्कॉलच्या अड्ड्यावर, जाऊन ती एकेका ओड्रिस्कॉलला संपवते ना, तिथे मी वाट बघत होते की आता ही मोकळी होईल, पण तसलं काही होत नाही. १९०७ मध्ये भेटते तेव्हा बाउंटी हंटर, म्हणजे बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारी, झालेली असते, म्हणजे तेच काम, फक्त आता त्याचे पैसे मिळतात. एकच राग आहे माझा, अख्ख्या स्टोरीत तिला जेमतेम क्षणभर आपल्या हातात देतात, बाकी सतत शेजारच्या घोड्यावर.

तर तू गेम परत सुरू कर, बर्फ तेवढा सहन कर, दोन संध्याकाळी लागतात फार तर. आणि हे पत्र तूच वाच, तुझ्या बहिणीच्या हाती लागलं तर ती आईला मोठ्याने वाचून दाखवेल आणि भाजी करपल्याचं माझ्या घरी कळेल.

तुझी,
राणी