या रविवारी नको, पुढच्या रविवारी जा

प्रिय चिनू,

फोनवरच बोलले असते पण तू दोन मिनिटांत "हो गं आई, बघतो" म्हणून विषय संपवतोस, म्हणून टाईप करत बसलेय, पूर्ण वाच. तुमचा रविवारचा प्लॅन ऐकला. सकाळी निघायचं, दीडपर्यंत बीचवर, पाण्यात धुडगूस, सनसेट, मग परत. गाडी कोण चालवणार, गाणी कोण लावणार, स्पीकर कोण आणणार सगळं ठरलंय आणि समुद्र त्या वेळी कुठपर्यंत आलेला असणार हे मात्र तुमच्यातल्या एकानेही बघितलेलं नाही. मी बघितलं. या रविवारी संध्याकाळी साडेपाचला पूर्ण भरती आहे. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा पाणी चढायला लागलेलं असणार आणि सनसेटच्या वेळी फोटोतली ती लांबरुंद वाळू सगळी पाण्याखाली, तुम्ही आपले वरच्या कोरड्या पट्टीवर अंग चोरून बसलेले.

त्यापेक्षा एक आठवडा थांब. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, दोन भरत्यांमधे साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ ५० मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. सात दिवसांचा हिशोब कर, जवळजवळ सहा तास झाले. म्हणजे आज ज्या वेळेला भरती आहे त्याच वेळेला पुढच्या रविवारी ओहोटी! सुट्टीला जाणाऱ्या लोकांच्या हे लक्षातच येत नाही, मित्राने मागच्या रविवारी टाकलेला फोटो बघून निघतात आणि तिथे पोचल्यावर म्हणतात अरे बीच कुठे गेला. पुढच्या रविवारी पाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असेल, तुम्ही दीडला पोचा, दुपारभर पाणी मागे मागे जात राहील, वाळू वाढत जाईल, निवांत फिरा. वेळेत थोडं इकडेतिकडे होतं, प्रत्येक किनाऱ्याचं टाइड टेबल वेगळं असतं, ते निघायच्या आदल्या दिवशी नीट चेक कर आणि तिथल्याच जागेचं बघ, शंभर किलोमीटरवरच्या बंदराचं नको. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला तितकंच लांबही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फार फरक पडत नाही.

आणि एक. पाणी एकसारख्या स्पीडने चढत नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात जेमतेम चढतं, सगळे म्हणतात अजून खूप लांब आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी भरती होऊन जाते. सपाट बीच असेल तर बघता बघता पाणी पायाशी. टोकाला खडक दिसले की तुम्ही वळसा घालून पलीकडे जाणारच, मला माहितीय, तर परत यायची वाट पाण्याखाली जायच्या आत परत फिरा.

फोनची रेंज गेली तरी एक खूण तिथेच मिळते. वाळूवर शेवाळ, काटक्या, शिंपले, प्लॅस्टिक यांची एक वेडीवाकडी रेघ पडलेली असते, शेवटची भरती तिथपर्यंत येऊन गेली. सामान, चपला, फोन सगळं त्याच्या वर. उधाण जवळ असेल तर आणखी वर. गाडी तर वाळूवर आणायचीच नाही. ओली वाळू दिसायला रस्त्यासारखी घट्ट असते, चालताना लागतेही घट्ट, पण चाक एकदा रुतलं की जितका रेस देशील तितकं खोल जातं आणि भरती तुमच्यासाठी थांबत नाही.

आता पाण्यात उतरण्याबद्दल, हे मात्र डोळे फिरवत वाचू नकोस. तुम्ही जाताय तो बीच नैसर्गिक आहे, मला त्याचा आनंदच आहे. हल्ली शहरातले कितीतरी बीच बाहेरून वाळू आणून सांभाळलेले असतात, होनोलुलूच्या त्या फेमस वायकिकीवरची पण बरीचशी वाळू दुसरीकडून आणलेली आहे. पण नैसर्गिक म्हणजे तिथे लाइफगार्ड नसण्याचीच शक्यता जास्त, झेंडे नाहीत, दोऱ्या नाहीत, तळ कुठे कसा आहे ते सांगणारं कोणी नाही. वाळू सतत हलत असते, वादळी दिवसांत लाटा ती ओढून आत नेतात आणि शांत दिवसांत परत आणून टाकतात, म्हणून गेल्या वर्षी कमरेएवढं पाणी होतं तिथे या वर्षी खड्डा असू शकतो.

घाबरायचं ते रिप करंटला. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत आत जायला एखादी चिंचोळी वाट शोधतं, तीच ही ओढ. गंमत म्हणजे ती जागा सगळ्यात शांत दिसते. दोन्ही बाजूला लाटा फुटतायत, पांढरा फेस आहे आणि मधे एक गडद पट्टा, लाट फुटतच नाही, फेस किंवा गढूळ वाळू आतल्या दिशेने चाललेली. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. काही वेळा ही ओढ सेकंदाला दोन मीटरच्या वर जाते, त्याच्या उलट ऑलिंपिकवाला पण पोहू शकत नाही. ती खाली खेचत नाही, आत नेते, आणि लोक बुडतात ते घाबरून किनाऱ्याकडे हातपाय मारून दमल्यामुळे. सापडलास तर पाठीवर तरंग, हात वर कर, ओरड, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, ओढीच्या बाहेर पडेपर्यंत, मग तिरकं बाहेर ये. आणि एखादा मित्र सापडला तर त्याच्यामागे उडी मारायची नाही! बॉल, रिकामा कॅन, काहीही तरंगणारं त्याच्याकडे फेका आणि मदत बोलवा. बऱ्याच ठिकाणी ही ओढ ओहोटीकडे जास्त वाढते. तेव्हा मी ओहोटी निवडून दिली म्हणून पोहायला मोकळीक मिळाली असं समजू नकोस, ओहोटी फिरायला. पाण्यात गुडघ्यापर्यंत, आणि सगळे एकत्र.

फिरायला म्हणजे खरंच फिर, रील काढत उभा राहू नकोस. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसली तर खाली बस आणि पाच मिनिटं हलू नकोस. नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, कणांना चिकटलेलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो, परत दुसरी, परत तिसरी, बिळाभोवती ओळी होतात. तुझी सावली हलली की गायब. सगळी नक्षी पुढच्या भरतीत पुसली जाते आणि तो परत सुरू करतो. तुझ्या बाबांना बीचवर फक्त झोपायचं असतं, मी मात्र यासाठीच जाते. वरच्या बाजूला वाळूवर पसरलेला जांभळ्या फुलांचा वेल दिसेल, पानं आपट्यासारखी, तो मर्यादावेल. त्याच्यावरून धावू नका, तिथली वाळू त्याच्या मुळांनी धरून ठेवलेली असते. शंख उचललास तर आत पाय हलतायत का बघ, हलत असतील तर जागेवर ठेव.

बाकी पटापट सांगते. सनस्क्रीन लाव, दर दोन तासांनी परत लाव, ढग असले तरी, कारण कोरडी वाळू १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत यूव्ही परत अंगावर फेकतो, नुसत्या टोपीने भागत नाही. वाळूत खड्डा खणायचा तर गुडघ्याएवढाच, खोल खड्ड्याच्या कडा ढासळून माणसं गाडली गेलीयत. किनाऱ्यावर पडलेली जेलीफिश मेलेली असली तरी डंख मारते, हात लावू नका, लागलीच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका.

कचऱ्याला एक मोठी पिशवी ठेव, तिथे डबा असेल या भरवशावर राहू नकोस.

आणि परत निघताना पायाची ओली वाळू घासत बसू नका. ओली असते तोवर पाण्यामुळे कण एकमेकांना आणि पायाला धरून राहतात, दहा मिनिटं सुकू दे, नुसतं झटकलं की पडते. मग गाडीत बसा. गाडी बाबांची आहे आणि सोमवारी सकाळी त्यांना ऑफिसला न्यायची आहे.

तारीख बदलली की मित्रांना आजच कळव. त्यांनी कुरकुर केली तर भरतीचा स्क्रीनशॉट पाठव, माझं नाव सांगू नकोस.

आई