अनुवादकाचे बिल आणि कर

संपादक महोदय,

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुवादकांना कळकळीने सांगावेसे वाटते, की बिलात लावलेला जीएसटी किंवा व्हॅटसारखा कर ही आपली कमाई नव्हे. तो वेगळ्या ओळीत दाखवा आणि पैसे येताच बाजूला काढा. अनेक देशांत कराची देयता बिलाच्या तारखेवरून ठरते; ग्राहकाने पैसे थकवले तरी भरणा चुकत नाही. मी एकदा असा कर पदरमोड करून भरला, फार जिवावर आले. परदेशी ग्राहक असेल तर नियम बदलतात. कधी कर भरण्याची जबाबदारी त्याच्याकडे जाते, तशी नोंद बिलावर हवी. आणि हो, मोबदला शब्दांच्या संख्येवर असेल तर शब्द मूळ मजकुराचे मोजले की अनुवादाचे, हेही बिलात लिहा. माझे एक बिल तेवढ्यावरून दोन महिने अडले होते.

– एक अनुवादक