बर्फातल्या ट्रेकचे पैसे भरण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की ठाण्यात बर्फातल्या ट्रेकच्या जाहिराती फिरू लागतात. केदारकंठा, ब्रह्मताल, पाच-सहा दिवस. यंदा माझ्या मुलीने जायचे ठरवले, म्हणून नौपाड्यातल्या एका माहिती-बैठकीला तिच्याबरोबर मीही जाऊन बसलो. थर्मल, हातमोजे, बुटांना लावायचे काटे, जेवण, सगळे नीट समजावून सांगितले. शेवटी मी विचारले, हिमस्खलन झाले तर माणूस शोधायला तुमच्याकडे काय असते? "काका, आपला रूट सेफ आहे," लीडर म्हणाला. तो मनापासून बोलत होता. मला धास्ती वाटली ती त्याचीच.

मी तीस वर्षे सह्याद्रीत भटकतो आहे. शेवाळलेला कातळ, घसारा, पाणी चढलेला ओढा, इथला धोका आपल्या पायांना कळतो. पाऊस थांबून ऊन पडले की आपला जीव भांड्यात पडतो. बर्फात नेमकी हीच सवय घात करते. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला लख्ख दिवस अतिशय फसवा, कारण नव्या बर्फाने खालच्या थराला अजून धरलेले नसते. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ कडाक्याच्या थंडीत साखरेच्या दाण्यांसारखा सुटा होतो. त्यावर वाऱ्याने आणलेला घट्ट बर्फ लादीसारखा बसतो. त्या लादीवर माणसाचे वजन पडले की खालचे दाणे ढासळतात, कधी 'धप्प' असा आवाज येतो, आणि अख्खी लादी निसटते. हिमस्खलनात सापडलेल्या बहुतेक गिर्यारोहकांच्या आणि स्कीअरच्या बाबतीत ती लादी त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली असते.

३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत घातक. कोन मोबाइलवरही मोजता येतो. पण आपली पायवाट सपाट आहे एवढ्याने भागत नाही, वरचा उतार कसा आहे तेही बघावे लागते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत हिमस्खलनात ७ पर्यटक दगावले, ते कुठले शिखर चढत नव्हते. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, २७ मृतदेह बाहेर काढावे लागले. तिथे तर कसलेले प्रशिक्षक सोबत होते.

गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी उरते. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, स्वतःहून बाहेर येणे जवळजवळ अशक्य. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही, सोबत्यांनीच काढायचे असते. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर सुरू असलेला बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा कळावा म्हणून संदेश सोडणारे आणि पकडणारे छोटे यंत्र, पाठीवर बर्फात खुपसून पाहायची जोडसळई आणि फावडे हवे. एकट्या लीडरकडे बीकन असून काय उपयोग? त्यालाच शोधायची वेळ आली तर?

हा सराव करायला हिमालयही लागत नाही. येऊरच्या पायथ्याशी एखाद्या मोकळ्या जागेत पालापाचोळ्याखाली बीकन लपवा आणि घड्याळ लावून शोधायला लावा. खिशातला मोबाइल बीकनच्या संदेशात अडथळा आणतो, हेसुद्धा तिथेच कळेल. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, ही शिस्तही इथेच अंगात मुरवता येईल. उपकरणे महाग आहेत, मान्य. मग फी वाढवा, नाहीतर तीव्र उतारांखालून न जाणारीच वाट निवडा.

चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमालयातल्या राज्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ट्रेकच्या दिवसांत ते रोज कोण बघणार, आणि इशारा असेल तर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा, हे पालकांनी पैसे भरण्याआधी लेखी मागावे. आपल्या दैनिकानेही थंडीत हे इशारे हवामानाच्या चौकटीत छापावेत, ही विनंती.

मी त्या आयोजकांना हेच प्रश्न लिहून पाठवले आहेत. उत्तर येईपर्यंत मुलीने पैसे भरलेले नाहीत.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)