‘ताकदीची सुई’ कोणत्या कमतरतेवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोयाबीनची सोंगणी आटोपून कापसाची वेचणी सुरू झाली की गावोगाव ‘ताकदीची सुई’ मागणाऱ्यांची रीघ लागते. हातपाय गळतात, पायाला मुंग्या येतात, तोंड आलं, केस गळतात. सगळ्यावर उतारा एकच, बी कॉम्प्लेक्स. सुई नाही जमली तर दहा गोळ्यांची पट्टी. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द झाली की ‘गोळी अंगी लागली’ असं समजतात. खरं तर तो रंग बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा, शरीराने नको म्हणून बाहेर टाकलेला. पैसे तेवढे वाहून गेले.

‘बी’ हे एक जीवनसत्त्व नाही, आठ आहेत: १, २, ३, ५, ६, ७, ९ आणि १२. मधले आकडे ज्या पदार्थांना दिले होते ते पुढे जीवनसत्त्वं ठरले नाहीत, म्हणून गळाले. यांच्यात स्वतःची ताकद काहीच नसते. खाल्लेल्या अन्नातून ताकद काढायला ती लागतात. चुलीत लाकूडच नसेल तर फुंकणी कितीही फुंका.

बी-१ म्हणजे थायामिन आपण स्वयंपाकघरातच घालवतो. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाणी जड. तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा फुटत नाही, मग चिमूटभर खायचा सोडा पडतो. डाळ गळते खरी, पण सोड्याच्या उकळत्या पाण्यात थायामिन टिकत नाही. डाळ आधी धुऊन घ्यावी, नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात दोन तास भिजवावी आणि त्याच पाण्यात कुकरला लावावी. सोडा लागत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तऱ्हा वेगळी. पांढराशुभ्र पॉलिशचा तांदूळ चार पाण्यांनी चोळून धुवायचा आणि वर पेज काढून जनावरांपुढे ठेवायची. कोंड्यातलं थायामिन गिरणीत राहिलं, उरलेलं पाण्यासोबत गेलं. उकडा तांदूळ त्या मानाने बरा, कारण धान सालीसकट उकडताना ते दाण्यात मुरतं. जावा बेटावर डच डॉक्टर आयकमन यांनी १८९०च्या दशकात सडीक तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. बेरीबेरीचा, म्हणजे थायामिनच्या तुटीने होणाऱ्या रोगाचा, छडा तिथून लागत गेला आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. माणसात सुरुवात पोटऱ्या दुखणं, पाय जड होणं, सूज, धाप अशी होते.

रोज दारू पिणाऱ्याला बी-१चा तोटा सर्वाधिक. तो असंबद्ध बोलू लागला, बुबुळं थरथरू लागली, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या तर ‘अजून उतरली नाही’ म्हणून झोपवून ठेवू नये. तडक दवाखाना गाठावा. आणि अशा माणसाला नुसती ग्लुकोजची बाटली लावून घेऊ नये. ग्लुकोज जाळायला थायामिन लागतं. होतं-नव्हतं तेही संपतं आणि मेंदूला इजा होते. थायामिनची सुई बाटलीच्या आधी, निदान सोबत हवी. गावात ग्लुकोजच्या बाटलीचा सोस फार, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

बी-२ कमी पडलं की ओठांचे कोपरे चिरतात. दूध, ताक, अंडी, पालेभाजीवर भागतं. बी-३चं नातं ज्वारीशी आहे. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्यांत पेलाग्रा दिसतो, हे हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ डॉ. गोपालन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं: उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर आणि गळ्याभोवती काळी, सोलटणारी कातडी, जुलाब, भ्रम. म्हणून भाकर सोडायची नाही. तिच्यासोबत वरण किंवा झुणका आणि शेंगदाण्याची चटणी असली की झालं. बी-५ आणि बी-७ची तूट क्वचितच आढळते. केसांसाठी बी-७ म्हणजे बायोटिनच्या जबर गोळ्या घेणाऱ्यांनी थायरॉइडच्या तपासणीआधी तसं सांगावं, अहवाल चुकू शकतो. क्षयाच्या औषधांतल्या आयसोनियाझिडमुळे बी-६ घटतं, त्यासाठी सोबत दिलेली छोटी गोळी फालतू समजून टाकू नये. पण हेच बी-६ महिनोन्महिने मोठ्या मात्रेत घेतलं तर त्यानेच पायाला मुंग्या येतात.

आता बी-१२. ते झाडही बनवत नाही, जनावरही नाही, जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून ते तयार करतात आणि तिथून ते दुधात उतरतं. सुई लाल दिसते ती याच कोबाल्टच्या संयुगामुळे. मोठ्या माणसाला दिवसाला सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास पुरतं. पेलाभर दुधात साधारण एक, एका अंड्यात जेमतेम अर्धा. माळकरी घरात अंडं नाही, दुभतं दारात असून दूध सगळं डेअरीवर आणि चुलीवर कोरा चहा. अशा घरात तूट ठरलेली. पालक, सांबार (कोथिंबीर), मोड आलेली मटकी यांतून ते मिळत नाही, कोणी काहीही सांगो. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे माळ घातल्या घातल्या काही जाणवत नाही. पुढे बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, जीभ लाल-गुळगुळीत होते, चालताना गादीवर पाय पडल्यासारखं वाटतं. पाय जुळवून डोळे मिटले की माणूस झुलतो. तोंडावर पाणी मारताना तोल जातो तो म्हणूनच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. पण त्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

बी-९ म्हणजे फोलेट, गोळीत असतं ते फोलिक ॲसिड. ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईत गरीब गरोदर बायांचा पंडुरोग (रक्त कमी होणं) यीस्टच्या अर्काने बरा होतो हे पाहिलं आणि १९३१ साली ते छापलं. फोलेटचा शोध तिथून सुरू झाला. हरभऱ्याची कोवळी भाजी, चवळी, पालक यांत ते भरपूर, पण फार शिजवलं की नासतं. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटते, तोवर पाळी चुकल्याचं नीट कळतही नाही. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आधीपासून हवी. सिकलसेलच्या रुग्णांत रक्तपेशी लवकर फुटतात, त्यांना फोलिक ॲसिड देतात. मेख अशी की बी-१२ कमी असताना एकटं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, चेहऱ्यावर तेज येतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, खाणाऱ्यांसाठी वेगळं सांगावं लागेल. तिखट लागताच तोंडाची आग होणं, गालाची आतली कातडी पांढरट-ताठ होणं, तोंडात आपलीच तीन बोटं उभी न मावणं, ही बी कॉम्प्लेक्सची तूट नव्हे. सुपारीने गाल आवळत चालले आहेत आणि ही कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. पिवळ्या गोळ्यांत सहा महिने घालवण्याऐवजी दंतवैद्याला तोंड दाखवावं.

शेवटचं, तपासणीबद्दल. बी-१२ची तपासणी करायचीच असेल तर रक्त सुईच्या आधी द्यावं. सुई घेऊन आठवड्याने रक्त दिलं तर आकडा भरपूर येतो, ‘कमतरता नाही’ असा कागद हातात पडतो आणि पुढच्या सुया कोणी घेत नाही.

आपला,
एक औषधनिर्माता
ता. दर्यापूर, जि. अमरावती