द्राक्षाचा रिफ्रॅक्टोमीटर गोठ्यात

एडिनबरा, २० नोव्हेंबर

ती. अण्णा व आई यांस,
शि. सा. नमस्कार.

पौषात गाय व्यायची आहे, म्हणून आज चिकाबद्दल, म्हणजे व्याल्यावरच्या पहिल्या दुधाबद्दल, आणि नव्या वासराच्या काळजीबद्दल लिहिते. इथे पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षी वासरांची निगा चिकापासूनच शिकवतात. आपल्या भागात चूक नेमकी तिथेच होते. जार, म्हणजे गाईची वार, पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, असं सगळे म्हणतात.

जार पडायला बारा तासही लागतात. तोवर वासरू उपाशी. बाईच्या पोटातल्या बाळाला आईची प्रतिकारद्रव्यं वारेतून मिळतात, गाईच्या जारेतून ती पलीकडे जातच नाहीत. वासराला मिळतात ती चिकातून. वासराचं आतडं ती जशीच्या तशी रक्तात घेतं, पण पहिल्या काही तासांतच नीट घेतं. २४ तासांनी ती वाट बंद होते आणि मग चीक साध्या दुधासारखा नुसता पचून जातो. हगवणीनं वासरं दगावतात त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

शिवाय वासरू लुचलं की पान्हा फुटतो. पान्हा सोडणारं संप्रेरकच गर्भाशय आकसवतं. म्हणजे पाजल्यानं जार अडत नाही, सुटायला मदतच होते. जारेला दगड किंवा चप्पल मात्र बांधू नका. ती तुटते आणि आत राहिलेला तुकडा कुजतो. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा.

किती पाजायचं? वजनाचा दहावा हिस्सा. संकरित वासरू ३० किलोचं धरलं तर तीन लिटर, तेही पहिल्या दोन तासांत. एका दमात संपलं नाही तर उरलेलं तासाभरानं. निपलच्या बाटलीनं, मान थोडी वर ठेवून, त्याला स्वतः चोखू द्या. चोखलं की दूध थेट चौथ्या पोटात उतरतं. नळीनं तोंडात ओतलं तर फुप्फुसात जायची भीती.

आता अण्णा, तुमच्या कामाचं. द्राक्षाची गोडी बघायचा रिफ्रॅक्टोमीटर चिकालाही चालतो! चारही सडांचा चीक एकत्र करा, थोडा निवू द्या, एक थेंब काचेवर ठेवून झाकण मिटा. आधी साध्या पाण्यावर शून्य जुळवून घ्या. रेषा द्राक्षरसापेक्षा धूसर दिसेल, पण वाचता येते. २२ ब्रिक्स (त्या यंत्रावरचं माप) किंवा वर असेल तर चीक उत्तम. खाली असेल तर जास्त पाजा. व्याल्यानंतर जितका उशिरा काढाल तितका तो पातळ होत जातो. नंतर काच कोमट पाण्यानं धुवा, स्निग्धांश चिकटून राहतो.

जास्तीचा चांगला चीक लिटरभराच्या पिशव्यांत गोठवून ठेवा. वितळवताना पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. उकळतं असेल तर चीक खरवसासारखा घट्ट होईल. प्रतिकारद्रव्यं म्हणजे प्रथिनंच. खरवस वाफेवर धरतो तेव्हा तीच थिजून घट्ट होतात, मग वासराला त्यांचा उपयोग नाही.

नाळ तुटल्याबरोबर टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवा, नुसती शिंपडू नका. निफाडला पौषात पारा दहाच्या खाली येतो आणि नवजात वासराला १५ अंशांखालीच गारठा जाणवू लागतो. कोरडं करून गोणपाटाची झूल बांधा आणि खाली कोरडा पाचोळा टाका.

जार आणि आतलं पाणी उघड्या हातानं हाताळू नका, आई तूसुद्धा. विशेषतः गाभ टाकलेल्या गाईचं. ब्रुसेला हा गाभ टाकायला लावणारा जंतू त्यातूनही माणसाला लागतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात. हातमोजे घाला, जार खोल खड्ड्यात चुन्यासकट पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. कालवड झाली तर चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदाच टोचायची असते. गोऱ्ह्याला नाही, गाभण गाईलाही नाही.

आई, खरवस दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा कर. पहिल्या दिवशीचा सगळा वासराचा.

तुमची,
ताई