बोबडे बोल आणि श्रवणयंत्रे, एवढेच नव्हे

महोदय,
बारावीच्या निकालानंतर मेडिकल-इंजिनिअरिंगची चर्चा घरोघरी होते, पण वाचा व श्रवणदोष उपचाराच्या बीएएसएलपी या पदवीचे नावही फार थोड्यांना ठाऊक असते. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहे.

या विद्यार्थ्यांना पुढे काम कुठे? लोकांना बोबडे बोल आणि श्रवणयंत्रेच आठवतात. पक्षाघातानंतर पाण्याच्या घोटागणिक ठसका लागणाऱ्या रुग्णाला पाणी किती दाट करून, मान कशी झुकवून प्यायचे, हे हेच तज्ज्ञ शिकवतात. चुकीचा घोट श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाचा धोका असतो, म्हणून अतिदक्षता विभागातही त्यांची गरज आहे. तंबाखूमुळे स्वरयंत्र गमावलेल्यांना पुन्हा बोलते करणे, कॉक्लिअर इम्प्लांटनंतर, म्हणजे कानात शस्त्रक्रियेने श्रवण-उपकरण बसवल्यावर, मुलांना ऐकायला शिकवणे, हेही त्यांचेच काम. दुर्दैवाने ही सेवा अजूनही बहुतांशी शहरांपुरतीच आहे.

तालुक्याच्या गावी लकव्याच्या रुग्णाने कुठे जावे? शासनाने उपजिल्हा रुग्णालयांत ही पदे निर्माण करून कायमस्वरूपी भरावीत, आणि महाविद्यालयांनी करिअर मार्गदर्शनात या पदवीची माहिती द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचा-उपचारतज्ज्ञ, सोलापूर