फळं सडली तर तोटा कुणाचा?

मा. अन्न व सार्वजनिक आरोग्यमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

आहारसल्ला देणं हे माझं काम आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेलं वजन घेऊन आलेल्या माणसाला मी भाज्या, फळं, डाळी वाढवायला आणि साखर, मीठ कमी करायला सांगते. त्याला ते पटतंही. पण कामावरून सुटेपर्यंत बाजार उठलेला असतो, मोठं दुकान लांब असतं. उघडं असतं ते घराजवळचं छोटं दुकान, आणि तिथं बिस्किटं, वेफर्स, झटपट नूडल्स आणि साखरेची पेयं रांगेनं मांडलेली असतात. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. त्या दुकानातून एवढं घरी नेता येईल का, हे आपण कोणत्याही संध्याकाळी स्वतः जाऊन पाहावं.

याचा दोष दुकानदाराला देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही आहे. त्याच्या फळीवर काय दिसतं, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात नसतं.

पाकिटबंद मालाचा व्यवहार कसा चालतो ते पाहा. कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी येऊन ऑर्डर घेतो. गाडी दारात येते. पैसे पुढच्या खेपेला दिले तरी अनेकदा चालतं. बऱ्याच ठिकाणी मुदत संपलेला माल बदलून मिळतो. गल्ल्याजवळची, लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवरची जागा दिली तर त्याबद्दल सूट किंवा रोख रक्कम मिळते. पेयांची कंपनी फ्रीजसुद्धा देते, फक्त त्यात तिचाच माल ठेवायचा.

आता फळं-भाज्या ठेवायच्या म्हटल्या, तर दुकानदारानं पहाटे उठून स्वतः घाऊक बाजारात जायचं, रोख मोजायची, त्याला हवा तेवढा थोडा माल कुणी देत नाही म्हणून पेटीच उचलायची, वाहतूक स्वतःच्या खर्चानं करायची. थोडाच माल मांडला तर तो दोन दिवसांत मलूल दिसतो, गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि गिऱ्हाईक घेत नाही म्हणून पुढच्या वेळी दुकानदार आणखी कमी आणतो. जे सडलं ते संपूर्ण त्याच्या खिशातून जातं. बिस्किटाच्या पुड्यात धोका जवळजवळ नाही आणि फळाच्या पेटीत सगळाच त्याचा, मग मर्यादित खेळतं भांडवल असलेला शहाणा माणूस काय निवडेल? ‘आरोग्यदायी माल ठेवा’ असं त्याला सांगणाऱ्या पत्रकानं हा हिशेब बदलत नाही. माझी आपल्याकडे मागणी आहे ती हा धोका सरकारनं वाटून घेण्याची.

हे काम जगात काही ठिकाणी होऊन गेलं आहे आणि त्यातलं यश-अपयश दोन्ही उपयोगाचं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात शाळांजवळच्या दुकानांत चौथी ते सहावीची मुलं काय घेतात, याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. थोड्याशा पैशांत दर खेपेला सरासरी साडेतीनशेहून अधिक कॅलरी मुलं विकत घेत होती, आणि त्या प्रामुख्यानं चिप्स, गोळ्या-चॉकलेटं आणि गोड पेयांतून येत होत्या. त्याच शहरात ‘फूड ट्रस्ट’ या संस्थेनं २००४ पासून छोट्या दुकानांबरोबर काम सुरू केलं. पुढं शहराच्या आरोग्य विभागाच्या साथीनं ते ६०० हून अधिक दुकानांपर्यंत गेलं. दुकानदारांना प्रशिक्षण, मांडणीचं सामान, काहींना छोटे फ्रीज मिळाले. तरीही मुलांच्या खरेदीवर त्याचा परिणाम तपासला तेव्हा कॅलरींत लक्षणीय फरक दिसला नाही. फळं आली, पण चिप्स होते तिथंच राहिले.

अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरानं कायद्याची वाट धरली. ठरावीक मूलभूत अन्नपदार्थ ठेवल्याशिवाय किराणा परवाना नाही, असा नियम त्यांनी २००८ मध्ये आणला आणि २०१४ मध्ये कडक केला. बऱ्याच दुकानांना तो पूर्णपणे पाळताच आला नाही. शेजारच्या सेंट पॉल शहराशी तुलना केली तेव्हा लोकांच्या खरेदीतही म्हणावा तसा फरक आढळला नाही. म्हणून परवान्याचा बडगा उगारण्याआधी आपण थांबावं, अशी विनंती आहे. दंड भरणारा शेवटी तोच छोटा माणूस असतो.

फरक पडला तो दुसऱ्या बाजूनं. अमेरिकेतच गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी जी पोषण-मदत योजना आहे, तिच्यात २००९ मध्ये फळं, भाज्या आणि अख्ख्या धान्याचे पदार्थ आले, आणि योजनेत राहू इच्छिणाऱ्या दुकानांना ते ठेवणं भाग पडलं. त्यानंतर छोट्या दुकानांत हे पदार्थ वाढल्याचं कनेटिकटमधल्या पाहणीत दिसलं, गरीब वस्त्यांत विशेष. कारण उघड आहे. तिथं विक्रीची खात्री होती. गिऱ्हाईक हातात मदतीचे पैसे घेऊन येणार हे दुकानदाराला ठाऊक होतं. आपल्या खात्याच्या मदत योजनांमध्ये फळं-भाज्यांसाठी राखीव रक्कम ठेवली, आणि ती स्वीकारण्याची नोंदणी व यंत्र छोट्या दुकानाला सोपं व फुकट करून दिलं, तर धोक्याचा मोठा भाग तिथंच कमी होतो.

ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागांतल्या २० दुकानांत २०१८ मध्ये झालेला प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निम्म्या दुकानांत गोड पदार्थ आणि पेयांच्या जाहिराती, सवलती आणि दर्शनी मांडणी बारा आठवडे थांबवली. विकल्या गेलेल्या अन्नातलं साखरेचं प्रमाण घटलं आणि दुकानांच्या नफ्याला धक्का लागला नाही. कुणाच्याही हातून काही हिसकावून घेतलं नव्हतं, माल दुकानात होताच.

हे आपल्या दुकानदारानं एकट्यानं करावं अशी अपेक्षा मात्र नको, कारण मांडणीचे पैसे त्याला कंपनीकडून येतात. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून गल्ल्याजवळ आणि दाराशी साखर, मीठ किंवा चरबी जास्त असलेले पदार्थ मांडायला बंदी आहे, पण २,००० चौरस फुटांखालच्या दुकानांना त्यातून सूट आहे. छोट्यांवर ओझं नको हे बरोबरच आहे. पण मग बंधन कंपन्यांच्या करारांवर यायला हवं. याला आधार आहे: २००५ मध्ये युरोपीय आयोगाच्या स्पर्धाविषयक चौकशीनंतर कोका-कोलानं बंधनकारक हमी दिली की, ज्या दुकानात थंड पेयं ठेवायला दुसरी सोय नाही तिथं कंपनीच्या फुकट फ्रीजमधली किमान २० टक्के जागा दुकानदाराला हवी तशी वापरता येईल. तो प्रश्न स्पर्धेचा होता, आरोग्याचा नव्हता. पण अशी अट घालता येते, हे तर सिद्ध झालं. आपण ती आरोग्यासाठी घाला.

एक व्यावसायिक मत मांडते. ‘ताजं तेवढंच चांगलं’ हा हट्ट योजनेत नसावा. गोठवलेल्या भाज्यांतली पोषकद्रव्यं चांगली टिकतात. डाळी-कडधान्यं, बिनमिठाचे दाणे, अंडी, अख्खं धान्य यांना टिकाऊपणाची अडचण ताज्या पालेभाजीइतकी नाही. सुरुवात यांच्यापासून केली तर दुकानदाराचा विश्वास बसेल.

ताज्या मालासाठी पहिलं वर्षभर, बिलं दाखवल्यावर, वाया गेलेल्या फळं-भाज्यांचा अर्धा खर्च खात्यानं उचलावा. एका भागातल्या दहा-पंधरा दुकानांची खरेदी एकत्र करावी, म्हणजे प्रत्येकाला पेटीऐवजी लागेल तेवढाच माल घेता येईल. शाळांना आणि रुग्णालयांना अन्न पोचवणाऱ्या सरकारी पुरवठ्याच्या गाड्या रोज रस्त्यावर असतातच. त्यांनी वाटेतल्या दुकानांत माल उतरवायला हरकत काय? आणि फ्रीज द्यायचाच असेल तर तो कोणत्याही कंपनीचं नाव नसलेला द्यावा, विजेच्या बिलातल्या काही वाट्यासह. वीज परवडली नाही तर तो फ्रीज आठवड्याभरात बंद पडलेलं कपाट होतो.

आधी थोड्या वस्त्यांत करून पाहावं. पण वर्षाअखेरीस किती फ्रीज वाटले आणि किती शिबिरं घेतली याचा अहवाल देऊ नका. प्रत्येक दुकानात किती किलो फळं-भाज्या विकल्या गेल्या, किती फेकल्या गेल्या आणि दुकानदाराच्या हातात महिन्याकाठी काय उरलं, हे तीन आकडे जाहीर करा. ते आकडे गोळा करायला माझ्यासारखे अनेक आहारतज्ज्ञ मोबदल्याशिवाय वेळ देतील. मी तर देईनच.

आपली,
एक आहारतज्ज्ञ